फॉस्फोरिलेजपासून रिसेप्टरपर्यंत: अ‍ॅड्रेनलिनच्या संदेशवहनाची उलटी उकल

रक्तात अ‍ॅड्रेनलिन वाढले की यकृतातल्या ग्लायकोजेनचे (साठवलेल्या साखरेचे) विघटन होऊन ग्लुकोज बाहेर पडते. पाठ्यपुस्तकात ही साखळी वरून खाली शिकवतात: रिसेप्टर (पेशीपटलावरचे, संप्रेरक धरणारे प्रथिन), जी-प्रथिन (मधला दुवा), अ‍ॅडेनिलिल सायक्लेज (सायक्लिक एएमपी बनवणारे विकर), सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला निरोप्या रेणू), कायनेज (फॉस्फेट लावणारे विकर), फॉस्फोरिलेज (ग्लायकोजेन तोडणारे विकर). शोध मात्र बहुतांशी खालून वर लागले. फॉस्फोरिलेज स्नायूंत भरपूर असते, त्याचे स्फटिक मिळवता येतात. रिसेप्टर पेशीपटलात इतका तुरळक असतो की तो शुद्ध करायला सुमारे १ लाख पट सांद्रता वाढवावी लागली. शिवाय या साखळीतले दोन दुवे वर्षानुवर्षे दिसले नाहीत, कारण प्रयोगात वापरलेल्या साहित्यातली भेसळच त्यांची गरज परस्पर भागवत होती.

जोकिची ताकामिने यांनी १९०१मध्ये अ‍ॅड्रेनलिन स्फटिकरूपात मिळवले. कार्ल आणि गर्टी कोरी यांनी त्यानंतर या संप्रेरकाचा साखरेशी असलेला संबंध मार्गी लावला. स्नायूत ग्लुकोज-६-फॉस्फेटेज (ग्लुकोजवरचा फॉस्फेट काढणारे विकर) नसते, त्यामुळे स्नायूचे ग्लायकोजेन थेट रक्तशर्करा होऊ शकत नाही. ते लॅक्टेट होऊन यकृतात जाते आणि तिथे पुन्हा ग्लुकोज बनते. १९३६मध्ये त्यांना ग्लुकोज-१-फॉस्फेट सापडले आणि त्यामागोमाग फॉस्फोरिलेज. या विकराची क्रिया मोजायची म्हणजे सुटा झालेला फॉस्फेट मोजायचा. त्यासाठी फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची १९२५ची निळ्या रंगाची पद्धत हाताशी होती. पुढच्या अनेक दशकांची आकडेवारी या रंगावर उभी आहे.

फॉस्फोरिलेजची दोन रूपे होती. ‘ए’ आपोआप काम करी, ‘बी’ला एएमपी (एक फॉस्फेट असलेला लहान रेणू) लागे. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी सिअ‍ॅटलमध्ये स्नायूचा अर्क गाळणकागदातून न गाळता सेंट्रिफ्यूज करून स्वच्छ केला, तेव्हा त्यांच्या हाती नुसते ‘बी’ लागले. कोरींच्या जुन्या कृतीत गाळणकागदातले कॅल्शियम अर्कात उतरत होते आणि त्याच्या जोरावर ‘बी’चे ‘ए’ होत होते. कागद बाजूला झाल्यावर खरी गरज उघड झाली: एटीपी (तीन फॉस्फेट असलेला, पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू), धातूचे आयन आणि रूपांतर घडवणारे एक वेगळे विकर, म्हणजे फॉस्फोरिलेज कायनेज. ते एटीपीवरचा फॉस्फेट फॉस्फोरिलेजच्या १४व्या स्थानावरच्या सेरीनवर बसवते. फॉस्फेट लावून विकर चालू करण्याची ही पद्धत १९५५ साली एका कोपऱ्यातली गंमत वाटावी अशी होती. आज पेशीचे बहुतेक नियमन तिच्याच आधाराने समजावून सांगतात.

अर्ल सदरलँड यांनी क्लीव्हलंडमध्ये हाच प्रश्न यकृताच्या बाजूने घेतला. संप्रेरकाचा परिणाम फक्त अखंड पेशीत दिसतो, पेशी फोडली की तो संपतो, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. राल, सदरलँड आणि बेर्थे यांनी १९५७मध्ये दाखवले की यकृत वाटून केलेल्या लगद्यातही अ‍ॅड्रेनलिन आणि ग्लुकागॉन (रक्तशर्करा वाढवणारे दुसरे संप्रेरक) फॉस्फोरिलेज जागे करतात. लगदा सेंट्रिफ्यूज करून गाळ टाकून दिला आणि फक्त वरची निवळ ठेवली, तर परिणाम नाहीसा होई. मग त्यांनी क्रम बदलला: गाळात एटीपी, मॅग्नेशियम आणि संप्रेरक घालून तो उबवला, मिश्रण उकळून त्यातली प्रथिने मारली आणि उरलेले द्रव निवळीत मिसळले. फॉस्फोरिलेज जागे झाले. उकळूनही टिकणारे ते रेणू म्हणजे सायक्लिक एएमपी. त्याच सुमारास डेव्हिड लिपकिन एटीपीवर बेरियम हायड्रॉक्साइडची क्रिया करून एक अनोळखी पदार्थ मिळवत होते. सदरलँड आणि लिपकिन या दोघांनी जीवरसायनज्ञ लिऑन हेपेल यांना लिहिले, आणि दोन्ही पदार्थ एकच असावेत हे हेपेल यांच्या लक्षात आले. टाकून द्यायच्या गाळात पेशीपटलाचे तुकडे होते, आणि सायक्लेज तिथेच बसलेले असते.

सायक्लिक एएमपी नेमके कोणाला धरते, हे वॉल्श, पर्किन्स आणि क्रेब्स यांनी १९६८मध्ये शोधलेल्या प्रोटीन कायनेज-एमुळे कळले. या विकराचे दोन नियामक भाग दोन क्रियाशील भागांना अडवून ठेवतात. चार सायक्लिक एएमपी बसले की क्रियाशील भाग सुटतात. ते फॉस्फोरिलेज कायनेज चालू करतात, आणि ग्लायकोजेन सिंथेजवरही (ग्लायकोजेन बनवणाऱ्या विकरावरही) फॉस्फेट लावून ते मंद करतात. साठा फुटत असताना तो पुन्हा भरला जाऊ नये, म्हणून हे दोन्ही एकदमच व्हावे लागते.

मधल्या दुव्याला दुसरी भेसळ आडवी आली. बेथेस्डामध्ये मार्टिन रॉडबेल उंदराच्या यकृताच्या पटलांवर ग्लुकागॉनचा परिणाम तपासत होते. विकत आणलेल्या एटीपीत थोडे जीटीपी (एटीपीसारखाच दुसरा रेणू) मिसळलेले असे. त्यामुळे सायक्लेज चालायला जीटीपी लागते हे कोणाच्या ध्यानात येत नव्हते. १९७१मध्ये ते स्पष्ट झाले. हे जीटीपी कोण धरते, याचा छडा आल्फ्रेड गिलमन यांच्या गटाने एस४९ या लिंफोमा (कर्करोगाच्या) पेशींवर लावला. सायक्लिक एएमपी वाढले की या पेशी मरतात. जगून राहिलेल्या एका उत्परिवर्ती वंशात सायक्लेजच नाही, असे सर्वांनी धरले होते. पण निरोगी पेशींच्या पटलाचा अर्क गरम करून त्यातले सायक्लेज निकामी केले, तरी तो अर्क उत्परिवर्ती पटलाला पुन्हा चालू करी. म्हणजे उणीव सायक्लेजची नव्हती. उणीव होती मधल्या प्रथिनाची, आणि ते प्रथिन, म्हणजेच जी-प्रथिन, १९८०मध्ये शुद्ध झाले. यात जीडीपी (जीटीपीचे एक फॉस्फेट कमी असलेले रूप) सुटून जीटीपी बसते, त्याचा अल्फा नावाचा भाग वेगळा होऊन सायक्लेज चालू करतो, आणि स्वतःच जीटीपी तोडून थांबतो.

रिसेप्टरची कल्पना मात्र आधीपासून होती. जॉन लँगली १९०५मध्ये ‘ग्राही पदार्थ’ असे म्हणाले होते. १९४८मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी निरनिराळ्या अमाइनांची ताकद वेगवेगळ्या अवयवांवर पडताळून रिसेप्टरांची अल्फा आणि बीटा अशी विभागणी केली. आयसोप्रेनालिन बीटावर सर्वांत जोरदार आणि अल्फावर सर्वांत कमजोर. जेम्स ब्लॅक यांनी याच आधारावर बीटा रिसेप्टर अडवणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध घडवले. तरीही १९७०च्या सुरुवातीला किरणोत्सारी नॉरअ‍ॅड्रेनलिन पटलाला चिकटवून जे ‘रिसेप्टर’ मोजले गेले, ते बहुतांशी फसवे निघाले. अवरोधक (रिसेप्टर अडवणारी औषधे) घालूनही चिकटणे थांबत नसे, आणि एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले डावा व उजवा रेणू सारखेच बसत. १९७४मध्ये अवरोधकांवरच किरणोत्सारी खूण लावल्यावर रेणूंच्या ताकदीचा योग्य क्रम दिसला. १९८६मध्ये हॅमस्टरच्या बीटा-२ या उपप्रकाराचा जनुक वाचला गेला: ४१८ अमिनो आम्ले, सात वेळा पटल ओलांडणारी साखळी, आणि डोळ्यातल्या रोडोप्सिनशी (प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाशी) उघड साम्य. हे साम्य कोणी अपेक्षिले नव्हते. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांचे नोबेल (२०१२) या कामाचे. कोबिल्कांच्या गटाने २०११मध्ये बीटा-२ जी-प्रथिनाला धरून असतानाची रचना दाखवली. सहावी कुंडली (पटल ओलांडणारा साखळीचा सहावा पीळ) आतल्या बाजूने सुमारे १४ अँगस्ट्रॉम बाहेर झुकते.

बीटाचा हा मार्ग सगळीकडे लागू पडत नाही. प्रौढ नर उंदराच्या यकृतात अ‍ॅड्रेनलिन प्रामुख्याने अल्फा-१मधून काम करते: सायक्लिक एएमपी फारसे न वाढता आयपी-३ (पेशीतला दुसरा निरोप्या रेणू) आणि कॅल्शियम वाढते, आणि फॉस्फोरिलेज कायनेजमधले कॅल्मोड्युलिन (कॅल्शियम धरणारे प्रथिन) ते कॅल्शियम पकडते. कोरींच्या गाळणकागदातले कॅल्शियम म्हणजे याच रस्त्याची कळ होती. चरबीच्या पेशीत अल्फा-२ उलट काम करते, सायक्लेज रोखते. बायकांच्या मांडीच्या चरबीत अल्फा-२चा वाटा पोटापेक्षा जास्त असतो, म्हणून तिथली चरबी अ‍ॅड्रेनलिनने सहज सुटत नाही. स्वादुपिंडात अल्फा-२ इन्सुलिन दाबते.

दवाखान्यात याचा एक धडा उपयोगी पडतो. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल दिले की साखर घसरताना होणारी धडधड आणि थरथर झाकली जाते, यकृताची ग्लुकोज सोडण्याची तयारीही कमी पडते. घाम मात्र सुटतो, कारण घामाच्या ग्रंथींना जाणारे टोक अ‍ॅसिटिलकोलीन सोडते. घाम फुटला तर आधी साखर तपासावी.