वेगमर्यादा आणि वेग: पाटीवरचा आकडा व काट्यावरचा आकडा

वेगमर्यादा घटवल्याने रस्ते सुरक्षित होतात का, या वादात 'वेगमर्यादा' आणि 'वेग' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. वेगमर्यादा पाटीवर असते आणि एका आदेशाने बदलते. वेग मात्र चालकाच्या पायाखाली असतो, आणि रस्त्यावरच्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

वेगाचे गणित निष्ठुर आहे. ताशी 30 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीसमोर 14 मीटरवर एखादे मूल धावत आले, तर चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सुमारे 8 मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी 5 मीटरांत थांबते. मूल वाचते. तीच गाडी ताशी 50 किलोमीटरने येत असेल, तर त्या एका सेकंदातच ती जवळपास 14 मीटर कापते. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच, वेग तसूभरही कमी न होता, धडक बसते.

पाटीचा प्रभाव याहून बराच क्षीण आहे. मर्यादा 10 किलोमीटरने घटवली, तरी नुसत्या पाटीमुळे सरासरी वेग सहसा 3-4 किलोमीटरनेच उतरतो. यावरून पाटी निरुपयोगी ठरवणे मात्र मला साफ चुकीचे वाटते. सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच नात्याने सरासरी 50 वरून 47 वर आली, तर असे अपघात अंदाजे एक पंचमांशाने घटायला हवेत.

अर्थात श्रेय देताना जपून राहावे लागते. अमेरिकेने 1974 मध्ये इंधन वाचवण्यासाठी देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा लावली आणि रस्त्यांवरचे वार्षिक मृत्यू सुमारे 54 हजारांवरून 45 हजारांवर आले. पण तेलटंचाईमुळे त्या वर्षी लोकांचा प्रवासही घटला होता, त्यामुळे सगळी घट पाटीच्या खात्यावर मांडता येत नाही.

चालक पाटीपेक्षा रस्त्याकडे अधिक पाहतो. रुंद, सरळ, मोकळ्या रस्त्यावर 30 ची पाटी लावली तरी पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जातोच. रस्ता अरुंद केला, ओलांडण्याच्या जागी उंचवटा दिला, कॅमेरा बसवला, की तोच पाय सैल होतो. म्हणून शाळेसमोरची मर्यादा घटवण्याची मागणी करताना, पाटी लागण्यापूर्वी आणि नंतर त्याच जागी गाड्यांचा प्रत्यक्ष वेग मोजण्याची मागणीही त्याच अर्जात असावी.