पार्श्वभूमी : सिनेमा, सेन्सॉर आणि दुखावलेल्या भावना

एखाद्या चित्रपटाने धार्मिक भावना दुखावल्याची ओरड झाली की राज्यघटनेच्या कलम १९(२)चा हवाला ठरलेला. पण अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची जी कारणं त्या कलमात दिली आहेत, त्यांत धर्माचं नावच नाही. सार्वजनिक सुव्यवस्था आहे, सभ्यता आणि नीतिमत्ता आहे, बदनामी आहे. धर्म आत शिरतो तो बहुतेकदा सुव्यवस्थेचं बोट धरून. ही वाट इंग्रजांच्या काळातच पडली.

१९१८च्या कायद्यानुसार १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळं आली, तीही पोलीस प्रमुखांच्या हाताखाली. म्हणजे सिनेमा हा बंदोबस्ताचा विषय! पुढच्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीचा ‘भक्त विदुर’ झळकला. गोष्ट महाभारतातली, पण द्वारकादास संपत यांच्या विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी आणि अंगावर खादी. मद्रास आणि कराचीत बंदी आली. पुराणकथेआडून राजकारण बोलण्याची ही युक्ती मराठी प्रेक्षकाला जुनीच होती. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० सालीच बंदी घातली होती.

‘प्रभात’ने संत एकनाथांवर काढलेल्या चित्रपटाचं मूळ नाव ‘महात्मा’. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व, दिग्दर्शक शांताराम, आणि कथेच्या गाभ्याशी अस्पृश्यतेचा प्रश्न. शीर्षकातून गांधीजी डोकावतात म्हणून सेन्सॉर अडून बसलं. अखेर १९३५ साली तो ‘धर्मात्मा’ म्हणून लागला. संतपटसुद्धा निरुपद्रवी नसतो, हे सरकारला बरोबर कळत होतं.

इंग्रज गेले, पूर्वपरीक्षण, म्हणजे चित्रपट लागण्याआधीच तो तपासण्याची पद्धत, राहिलं. १९५२च्या कायद्याने ते कायम केलं. चित्रपटकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याला आव्हान दिलं, तेव्हा १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनेला धरूनच असल्याचा निर्वाळा दिला. १९८९चा रंगराजन खटला मात्र वेगळा. आरक्षणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाचं प्रमाणपत्र मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केलं होतं. ते बहाल करताना सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धाकाने अभिव्यक्ती दडपता येणार नाही, सुव्यवस्था राखणं सरकारचंच काम आहे.

निकाल चांगला, पण थिएटरमालकाला काचा फुटण्याची भीती असते आणि तिच्यावर निकालपत्राचा इलाज नाही. २०१७ साली ‘दशक्रिया’ या मराठी चित्रपटाचं तेच झालं. प्रमाणपत्र होतं, राष्ट्रीय पुरस्कारही होता. तरी पुण्यात ब्राह्मण संघटनांनी विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. विरोधकांची याचिका फेटाळली गेली.

मंडळाचाच निर्णय जाचक वाटला तर निर्माता अपील न्यायाधिकरणाकडे जायचा. २०२१ साली तेही बरखास्त झालं. आता त्याला थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं, तेही प्रदर्शनासाठी जाहीर झालेल्या शुक्रवारकडे डोळे लावून.