ढालकिडा मित्र कधी झाला? खानदेशातील शेताची पार्श्वभूमी

कपाशीवर मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला की फवारणीचा पंप काढायचा, हा खानदेशातला जुना शिरस्ता. आता त्याच बांधावर कोणीतरी म्हणतो, "ढालकिडे आलेत, चार दिवस थांबा." ढालकिडा म्हणजे मावा आणि तशा किडी खाणारा, घुमटीसारख्या पाठीचा छोटा भुंगेरा, इंग्रजीतला लेडीबर्ड. थांबणारे अजूनही थोडेच, पण निदान हे वाक्य बोलले जाते. पंचवीस वर्षांपूर्वी ते बोलले असते तर लोक हसले असते. हा बदल सरळ रेषेत झालेला नाही. त्यात कपाशीचे बियाणे आहे, पपईवरचा पांढरा किडा आहे आणि एका नावाने घातलेला मोठा घोळ आहे.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. १८८८-८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागा खवले किडीने बसत चालल्या होत्या. तेव्हा ऑस्ट्रेलियातून एक लाल-काळा ढालकिडा आणून सोडला गेला आणि त्याने त्या वाचवल्या. किडीवर किडा सोडण्याच्या उपायाला जगभर मान मिळाला तो यानंतर. भारतातही १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातूनच दुसरा ढालकिडा आला, तो दक्षिणेतल्या कॉफीसाठी. ज्या हिरव्या खवले किडीसाठी त्याला आणले तिच्यावर त्याने फारसे काही केले नाही. पिठ्या ढेकणावर, म्हणजे अंगावर पांढरे पीठ माखल्यासारख्या दिसणाऱ्या रसशोषक किडीवर, मात्र तो चांगलाच रुळला. द्राक्षवाले आज ज्याला "क्रिप्टो" म्हणतात तो हाच, क्रिप्टोलिमस. आणले एका कामाला, उपयोगी पडला दुसऱ्याच.

खानदेशाला या सगळ्याची खबर नव्हती आणि गरजही नव्हती. ज्वारीवर चिकटा, करडईवर काळा मावा, बांधावरच्या रुईवर पिवळा मावा हे दर हिवाळ्याचे, आणि त्यांच्यामागे ढालकिडेही. त्यांना कोणी आणले नव्हते, मोजलेही नव्हते. शेजारच्या सुरतेतून १९७० मध्ये पहिला संकरित कापूस बाहेर पडला. नंतर खत वाढले, पान कोवळे आणि रसरशीत झाले, रस शोषणाऱ्या किडींची चैन झाली. ऐंशीच्या दशकात पायरेथ्रॉइड गटातली औषधे आली. पहिल्या फवारणीत शेत झाडून काढल्यासारखे स्वच्छ दिसायचे. मरणाऱ्यांत ढालकिडे होते हे तेव्हा कोणाच्या हिशेबात नव्हते, आणि काही वर्षांनी पांढरी माशी का उसळते याचे उत्तरही त्यामुळे सापडत नव्हते.

खरी गोष्ट सुरू होते २००२ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये देशात बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच बनवणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली. बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या, हे सर्वांना माहीत आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की जुलै-ऑगस्टमध्ये शेतात जिवंत काहीतरी उरू लागले. बीटीचे विष अळ्यांसाठी. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांना त्याने काही होत नाही. म्हणून रसशोषक किडी पुढे आल्या आणि त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारेही. त्याच २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा आला. फवारणीने आटोक्यात येईना, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे किडे एका शेतातून दुसऱ्या शेतात पानांसकट नेले गेले. माझ्या मते "मित्रकीटक" हा शब्द पुस्तकातून शेतकऱ्याच्या तोंडी आला तो या काळात. खानदेशात ऊस कमी, पण शब्द इकडे पोहोचला. पोहोचला तेव्हा त्याला डिफाचा नव्हे, ठिपक्यांच्या लाल किड्याचा चेहरा मिळाला होता. कारण साधे आहे: तो डोळ्यांना दिसतो आणि फोटोत छान येतो.

आता घोळ.

"ढालकिडा" हे नाव पाठीवरच्या घुमटीवरून पडले. पण शास्त्रीय मराठीत भुंगेऱ्यांच्या अख्ख्या गणालाच ढालपंखी म्हणतात. म्हणजे धान्यातला सोंड्या ढालपंखी आणि हुमणीचा भुंगेराही ढालपंखीच. "लेडीबर्ड बीटल" हे नाव कृषी सेवा केंद्र आणि शेतीशाळा या वाटेने आले. शहरातल्या मुलांची "लेडीबग" इंग्रजी पुस्तकातून आली, आणि ही मुले गावी आली की पहिल्या पावसात निघणाऱ्या मखमली मृगाच्या किड्यालाही तेच म्हणतात. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या गोतातला. पण लाल आणि गोंडस दिसला की झाले.

इथवर गंमत आहे. नुकसान सुरू होते वांग्यात. ढालकिड्यांच्याच कुळात एपिलॅकना नावाचा भुंगेरा आहे, पाठीवर २८ काळे ठिपके. हा शुद्ध शाकाहारी. वांगी, बटाटा, टोमॅटो, कारल्याच्या पानांचा हिरवा भाग खरवडून खातो आणि शिरांची जाळी मागे ठेवतो. भरिताच्या वांग्यांचा हा मुलूख, बामणोदचे नाव तर सगळीकडे, तेव्हा या किड्याशी गाठ पडणे अटळच. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गावात मित्रकीटकांचा फ्लेक्स लावलेला मी पाहिला. वर ठसठशीत अक्षरांत "यांना मारू नका", आणि खाली चार चित्रांपैकी एक या २८ ठिपकेवाल्याचे. कोणीतरी नेटवरून "लेडीबर्ड" शोधून जे आले ते चिकटवले असणार. शेजारच्या शेतातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी वांग्याचे चाळणी झालेले पान माझ्यासमोर धरले आणि विचारले, "हाऊ चांगला शे का वाईट?" फ्लेक्सवर तर चांगला लिहिले होते. त्यांनी आठवडाभर हात लावला नव्हता. शेतकरी किडा ओळखत नाही, ही तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. इथे ओळख चुकली होती ती छापणाऱ्याची.

ठिपके मोजून ओळखा असे सांगणारेही फसवतातच. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या ढालकिड्याचे शास्त्रीय नाव "सहा ठिपक्यांचा" असे आहे. ते १७८१ मध्ये ठेवले गेले. प्रत्यक्षात त्याच्या पाठीवर बहुधा काळ्या नागमोडी रेघा असतात. भरीस भर, जुन्या पुस्तिकांत तो मेनोचायलस आणि नव्या पुस्तिकांत चायलोमेनस, त्यामुळे वाचणाऱ्याला हे दोन वेगळे किडे वाटतात. ठिपक्यांपेक्षा चकाकी बघावी. मावा खाणाऱ्याची पाठ पॉलिश केल्यासारखी चमकते; एपिलॅकनाच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून तो मळकट, तांबूस दिसतो. अंडी दोघांचीही पिवळी, उभी, पुंजक्यात. तिथे आसपास मावा आहे का ते पाहायचे. अळीत मात्र चूक व्हायला नको. एपिलॅकनाची अळी पिवळट, अंगभर फांद्यांसारखे काटे, आणि सुस्त. मावा खाणाऱ्याची अळी काळपट, नारिंगी खुणांची, लांबट, छोट्या मगरीसारखी पळणारी.

हीच मगर उलट्या चुकीची धनीण होते. मोठा किडा फोटोतला म्हणून वाचतो, त्याची अळी "ही कोणती नवी कीड" म्हणून चिरडली जाते. खाण्यात ही अळी अधाशी असते. पूर्ण वाढेपर्यंत काहीशे मावा संपवते, आणि मावा संपला तर आपल्याच भावंडांची अंडी खाते. क्रिप्टोच्या अळीचे नशीब तर आणखी वाईट. अंगावर पांढरे मेणचट धागे असल्याने ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते, आणि ज्याला खायला आली त्याच्याच बरोबर फवारणीत जाते.

पिठ्या ढेकणावरून दुसरा मुद्दा, श्रेयाचा. २००७-०८ च्या आसपास कपाशीवर नवा पिठ्या ढेकूण पसरला. ढालकिड्यांनी त्यावर ताव मारला हे खरे, पण त्याला लगाम घातला तो मुख्यतः एका बारीक गांधीलमाशीने, जी ढेकणाच्या अंगात अंडी घालते. पपईचे तसेच. २००८ मध्ये तामिळनाडूत दिसलेला पपईचा पिठ्या ढेकूण पुढे महाराष्ट्रातही शिरला, आणि शहाद्याकडे पपई किती ते सांगायला नको. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोतून त्याची खास परजीवी माशी देशात आणली गेली आणि काम तिने केले. ही माशी मिलिमीटरभराची. फ्लेक्सवर तिचे चित्र कोण लावणार?

केळीत तर ढालकिड्याकडून अपेक्षाच चुकीची. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात कुकुंबर मोझॅकने केळीची रोपे उपटावी लागली. हा विषाणू मावा पसरवतो, पण त्यासाठी त्याला पानात सोंड घालून काही सेकंद ते मिनिटे पुरतात. ढालकिडा त्याला खाईपर्यंत रोग लागून गेलेला असतो. तिथे उपाय वेगळे: स्वच्छ रोपे, बागेत आणि आसपास काकडीवर्गीय पिके नकोत, रोगट झाड लगेच बाहेर.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद दिली नाही आणि पंप पुन्हा खांद्यावर आले. त्यामुळे २००२ नंतर आपोआप मिळालेली उसंत आता मागून घ्यावी लागते. शिफारस अशी की मावा पानाला सरासरी १० च्या पुढे गेल्याशिवाय फवारू नये, आणि दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर थांबावे. पहिले दोन महिने शक्यतो काहीच मारू नये. बीजप्रक्रियेत बियाण्याला लावलेले इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक सुरुवातीच्या काळात मावा रोखते. मावाच नाही म्हटल्यावर ढालकिड्याला तेवढे दिवस त्या शेतात यायचे कारण उरत नाही, ही बाजू फारशी बोलली जात नाही.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात असताना मावा जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा ढालकिडे पालापाचोळ्यात, सालीखाली दडतात, मिळाला तर परागावर भागवतात. बांध जाळला की तेही गेले. परसबागेत कण्हेर असेल, बांधावर रुई असेल, तर तिथला पिवळा मावा त्यांचे बियाणे जपतो. आणखी एक पिवळा, पांढरट छटेचा ढालकिडा असतो, तो किडी खातच नाही, भेंडी-भोपळ्याच्या पानावरची भुरी चरतो.

कपाशीत दर काही ओळींनंतर चवळी लावा, हा सल्ला आता जुना झाला. चवळीवर मावा लवकर येतो, त्यावर ढालकिडे वाढतात, मग कपाशीकडे वळतात. गेल्या हंगामात यावल तालुक्यात एका ओळखीच्याने हौसेने चवळी लावली. ती माव्याने काळी पडलेली पाहून सालदाराने मालकाला न विचारताच आधी तिच्यावरच फवारा मारला.