जॅपनीज ॲनिमोन: शांघायच्या कबरी, नेपाळची झाडी आणि लंडनची बाग

इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या बॅकयार्डात ऑगस्ट-सप्टेंबरला बाकी सगळं मलूल झालं की एक उंच, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचं झुडूप डोलायला लागतं, गार्डन सेंटरमध्ये त्याला जॅपनीज ॲनिमोन म्हणून विकतात. आता गंमत अशी की हे झाड जपानच्या जंगलातलं नाही आणि चीनच्याही नाही, ते कुठल्याच जंगलातलं नाही. ते 1848 च्या सुमारास लंडनमध्ये तयार झालंय, आणि त्याच्या आईबापांपैकी एक जण आपल्या इथल्या हिमालयातून गेलाय.

आधी हिमालयवाल्याचं सांगते. ॲनिमोन व्हिटिफोलिया, म्हणजे द्राक्षाच्या पानासारख्या पानांचं, पांढऱ्या फुलांचं, नेपाळकडचं. ते 1829 साली इंग्लंडला पोचवलं लेडी ॲम्हर्स्टने. गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्टची ही बायको, नवरा 1823 ते 1828 कारभार बघत होता आणि ही बाई झाडं गोळा करत होती. राणीच्या बागेतली उर्वशी बघितलीय ना, लालभडक फुलांचे झुपके लोंबणारी? तिचं शास्त्रीय नाव ॲम्हर्स्टिया, ते याच घराण्यावरून. तर व्हिटिफोलिया दिसायला छान, उंच, पण इंग्लंडच्या कडक थंडीत जरा नाजूकच.

दुसरा पालक आला चीनमधून, आणि त्यामागे अफूचं राजकारण आहे. पहिलं अफू युद्ध संपलं, 1842 चा नानकिंगचा तह झाला आणि शांघायसकट 5 बंदरं इंग्रजांना उघडी झाली. (ज्या अफूवरून हे रामायण घडलं त्यातली माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातूनच जायची, हे आपण सोयीस्कर विसरतो.) बंदरं उघडल्याबरोबर लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या स्कॉटिश माळ्याला झाडं आणायला पाठवलं. 1843 मध्ये त्याला शांघायच्या तटबंदीजवळ कबरींवर हे गुलाबी ॲनिमोन फुललेलं दिसलं, शरद ऋतूत, बाकीची फुलं संपल्यावर. तिथून ते लंडनला गेलं. जहाजावर तेव्हा काचेच्या बंद पेट्या असायच्या, आत झाडं, त्यांचाच ओलावा आत फिरत राहायचा, खारा वारा लागायचा नाही, म्हणून महिनोन् महिने प्रवासात रोपं जगायची. याच फॉर्च्यूनने पुढे कंपनी सरकारसाठी चीनमधून चहाची रोपं आणि चहाचे कारागीर हिमालयात आणले, तो किस्सा जास्त गाजला, ॲनिमोन बिचारं मागे राहिलं.

मग जपानचा काय संबंध? तर हे चिनी झाड जपानी बागांमधून फार पूर्वीपासून लावलं जात होतं, आणि स्वीडनच्या थुनबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते तिथे बघून 1784 च्या आपल्या पुस्तकात जपानी म्हणून नोंदवलं. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या लंडनमधल्या चिझिकच्या बागेत जॉर्ज गॉर्डन या तिथल्या माळ्याने चिनी आणि नेपाळी अशा या दोघांचा संकर केला. चिनीकडून आली थंडी सोसायची ताकद आणि गुलाबी रंग, नेपाळीकडून आली उंची आणि मोठी पानं. 1849 मध्ये जोसेफ पॅक्स्टन या इंग्रज बागतज्ज्ञाने त्याला हायब्रिडा, म्हणजे संकरित, हे नाव दिलं.

खरी मजा इथून पुढे, कारण या संकराला बी जवळजवळ धरतच नाही. म्हणजे जगभरातल्या बागांमधली ही झाडं बियांनी नाही, मुळांच्या तुकड्यांनी पसरलीत. पांढरं 'ऑनोरीन जोबेर' बघा, 1858 साली फ्रान्समध्ये व्हर्दाँच्या एका बागेत गुलाबी झाडावर आपसूक पांढरी फुलं आली, तेवढा भाग वेगळा काढून वाढवला, आणि आज लोक जे विकत घेतात ते त्याच झाडाचे तुकडे! 2016 मध्ये अमेरिकेत त्याला पेरेनियल प्लांट ऑफ द इयरचा मान मिळाला, 158 वर्षांनी. नंतर जर्मनीत 'क्योनिगिन शार्लोट' वगैरे जाती आल्या, 2011 ला लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये 'वाइल्ड स्वॅन' पहिलं आलं, पण माझं मत विचाराल तर जोबेरला तोड नाही, पाकळ्या मागून बघा, कळीला हलकी गुलाबी झाक असते.

बी धरत नाही म्हणून झाडाची सगळी ताकद मुळात, आणि घरच्या बागेत नेमकं हेच भोवतं. नवीन लावलं की पहिलं-दुसरं वर्ष काहीच करत नाही, माणूस वैतागतो, उपटून दुसरीकडे लावतो, मग ते आणखी रुसतं. एकदा का जम बसला की मात्र भिंतीच्या कडेने, फरशीच्या फटीतून कुठूनही फुटतं, आणि काढायला गेलात तर जमिनीत राहिलेला प्रत्येक तुकडा नवीन रोप देतो. वाढवायचं असेल तर हाच गुण वापरा, थंडीत पेन्सिलीएवढ्या जाड मुळाचे बोटभर तुकडे ट्रेमध्ये आडवे ठेवून वर पातळ माती टाकायची. जागा अर्धवट सावलीची, ओल धरणारी पण पाणी न साचणारी. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत मात्र याचा हट्ट धरू नका, त्याला खरी थंडी लागते.