भयपट-संगीताच्या रेकॉर्डचे पुनर्प्रकाशन

भयपटासाठी रचलेले संगीत अनेक वर्षांनी पुन्हा तबकडीवर किंवा सीडीवर आणण्याची प्रथा. असे संगीत बहुधा चित्रपटासोबत थोड्या प्रतींत निघून बंद पडलेले असते, काही वेळा तर ते त्या काळी निघालेलेच नसते. इटली, ब्रिटन, अमेरिका आणि जपान या देशांत ही प्रथा विशेष रुजली. संग्राहक अशा रेकॉर्डला ‘रिइश्यू’ म्हणतात आणि पहिल्या आवृत्तीला ‘फर्स्ट प्रेस’. नवी आवृत्ती हाती आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठल्या टेपवरून काढली? या क्षेत्रातले बहुतेक वाद फिरून याच प्रश्नापाशी येतात.

तसे होण्याचे कारण म्हणजे एकाच चित्रपटाच्या संगीताच्या टेप अनेक असतात. स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित झालेली बहुपथी टेप ही पहिली. तिच्यावरून चित्रपटासाठी एक मिश्रण होते. रेकॉर्ड कंपनीसाठी बऱ्याचदा दुसरे मिश्रण करतात, त्यात रचनांची लांबी आणि क्रमही बदलतो. या दुसऱ्या टेपच्या नकला परदेशी कारखान्यांकडे जातात, आणि प्रत्येक नकलेत चुंबकीय फितीची खरखर थोडी वाढते. याखेरीज ‘म्युझिक अँड इफेक्ट्स’ नावाची टेप असते. चित्रपट दुसऱ्या भाषेत डब करताना संवाद नव्याने भरायचे असतात, म्हणून संवाद वगळून केवळ संगीत आणि आवाज (पावले, दारे, वारा) तिच्यात ठेवलेले असतात. यांपैकी जी टेप वापरावी तसा परिणाम वेगळा. म्हणून पुनर्प्रकाशनाला जुन्या पुस्तकाच्या पुनर्मुद्रणापेक्षा पाठचिकित्सेची उपमा अधिक जवळची आहे : हस्तलिखिते अनेक, त्यांतले प्रमाण कोणते हे संपादकाला ठरवावे लागते.

भयपटांच्याच वाट्याला हे एवढे का आले, याचे उत्तर त्यांच्या अर्थकारणात आहे. हे चित्रपट बहुधा कमी पैशांत होत. मोठा वाद्यवृंद परवडत नसे, म्हणून सिंथेसायझर, रॉक वाद्यमेळ किंवा एकटा संगीतकार यांच्यावर काम भागवले जाई, आणि त्या अडचणीतूनच नवे ध्वनी जन्माला आले. जॉन कार्पेंटर यांनी ‘हॅलोविन’ (१९७८) या स्वतःच्याच चित्रपटाचे संगीत स्वतः केले. त्याची मुख्य धून पाच मात्रांची आहे. हा ठेका लहानपणी वडिलांनी बाँगोवर शिकवला होता, असे त्यांनी सांगितले आहे. पियानोवर त्याचे दहा आघात ३-३-२-२ असे विभागले जातात. झपतालाच्या २-३-२-३ या चालीवर वाढलेल्या मराठी कानाला दहाचा हिशोब ओळखीचा वाटतो, पण समेवर पाय टेकू देत नाही. या संगीताची एलपी अमेरिकेत निघाली ती १९८३ मध्ये, चित्रपटानंतर पाच वर्षांनी.

‘सस्पिरिया’

या प्रथेतली सर्वांत जास्त चर्चा झालेली रेकॉर्ड म्हणजे इटालियन वाद्यमेळ गॉब्लिनने केलेली ‘सस्पिरिया’ (१९७७, रोमची सिनेव्हॉक्स रेकॉर्ड कंपनी). चित्रपट दारिओ अर्जेंतो यांचा. जर्मनीतल्या फ्रायबर्ग शहरातील बॅले शाळेत चेटकिणींचे राज्य चालते, अशी त्याची कथा. वाद्यमेळात क्लाउदिओ सिमोनेत्ती (कळफलक वाद्ये), मासिमो मोरांते (गिटार), फाबिओ पिन्यातेल्ली (बास) आणि अगोस्तिनो मारांगोलो (ड्रम) हे चौघे होते. अर्जेंतोंबरोबर त्यांचे सूत आधीच जुळले होते. ‘प्रोफोंदो रोस्सो’ (१९७५) या चित्रपटाचे काम जॅझ पियानोवादक जोर्जो गास्लिनी यांच्याकडे होते, ते पुढे या तरुणांकडे आले आणि त्याची रेकॉर्ड इटलीत विक्रीच्या यादीत पहिली आली.

‘सस्पिरिया’चे बरेचसे संगीत चित्रीकरणाआधी तयार होते आणि सेटवर ते मोठ्या आवाजात लावून अर्जेंतोंनी नटांकडून काम करून घेतले. त्यामुळे चित्र आणि सूर यांचे नाते नेहमीपेक्षा उलटे झाले, दृश्यच सुरांच्या तालावर चालू लागले. मुख्य धून अंगाईसारखी, सेलेस्टा या घंटीसारख्या वाजणाऱ्या कळफलक वाद्याच्या नादावर चालणारी. तिच्यामागे कुजबुज, आणि मध्येच ‘विच’ असा किंचाळल्यासारखा उच्चार. मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित सूर वाजवणारे कळफलक वाद्य) आणि मूग सिंथेसायझर यांच्या जोडीला मोरांतेंनी बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य घेतले आणि पिन्यातेल्लींनी तबला. हा तबला घराण्याच्या बाजाचा नाही. बोल नाहीत, कायदा नाही, लग्गीही नाही. चामड्यावरचा बोटांचा दाब तेवढा उचलला आहे, आणि धून पुन्हा पुन्हा फिरत असताना खालून तो धडधडत राहतो. तबल्याला भीतीचे वाद्य मानण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून मराठी श्रोत्याने हे एकदा तरी नीट ऐकावे, हेडफोन लावून.

मूळ एलपीवर आठ रचना आहेत. पहिल्या बाजूला ‘सस्पिरिया’, ‘विच’, ‘ओपनिंग टू द साइज’ आणि ‘साइज’, दुसऱ्या बाजूला ‘मार्कोस’, ‘ब्लॅक फॉरेस्ट’, ‘ब्लाइंड कॉन्सर्ट’ आणि ‘डेथ वाल्झर’. दुसरी बाजू मध्यापासून जॅझ-रॉककडे वळते आणि शेवट पियानोवरच्या वॉल्ट्झने होतो. केवळ चित्रपट पाहून रेकॉर्ड घेणारे इथे गोंधळतात, आणि नेमके इथेच गॉब्लिनवर प्रेम करणारे स्थिरावतात.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिनेव्हॉक्सने सीडी काढली तेव्हा या आठांना चार रचनांची जोड दिली : मुख्य धूनची सेलेस्टा-घंटांची आवृत्ती, निवेदनासह आवृत्ती, सुरुवातीचा तुकडा आणि ‘मार्कोस’चे वेगळे रूप. संग्राहकांत दोन पक्ष पडले ते इथे. एक पक्ष म्हणतो, चित्रपटात ऐकू येते ते सगळे मिळाले पाहिजे. दुसरा म्हणतो, १९७७ मध्ये वाद्यमेळाने एक क्रम ठरवला, वॉल्ट्झनंतर शांतता ठेवली, त्या शांततेत उरलेसुरले तुकडे ओतू नयेत. प्रस्तुत लेखकाचा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. जास्तीची सामग्री जरूर द्यावी, पण वेगळ्या तबकडीवर. आणखी एक अडचण चित्रपटाच्या बाजूने आली. ‘सस्पिरिया’चा ध्वनी चार पथांचा होता आणि २०१७ मध्ये अमेरिकेतील सिनॅप्स फिल्म्सने चित्रपटाचे पुनरुज्जीवन करताना १९७७ चे ते इंग्रजी मिश्रण परत आणले. ते ऐकल्यावर अनेकांना घरची स्टिरिओ एलपी सौम्य वाटू लागली. दोन्ही खरे आहेत. एक दिवाणखान्यासाठी केलेले मिश्रण, दुसरे चित्रगृहासाठी.

जपानमध्ये ‘सस्पिरिया’ इतका चालला की आधीचा ‘प्रोफोंदो रोस्सो’ तिथे नंतर ‘सस्पिरिया २’ या नावाने लावण्यात आला. कथेचा दोन्हींत काही संबंध नाही. जपानी आवृत्त्या गोळा करणाऱ्याला हे माहीत नसेल तर नसलेल्या उत्तरार्धाच्या शोधात तो बराच भटकतो.

स्वच्छ टेप की खरी टेप

ब्रिटिश चित्रपट ‘द विकर मॅन’ (१९७३, दिग्दर्शक रॉबिन हार्डी) याचे उदाहरण अधिक बोलके आहे. स्कॉटलंडजवळच्या एका बेटावरील गावकरी जुन्या निसर्गदेवतांना भजतात आणि तपासाला आलेला धर्मनिष्ठ पोलीस त्यांच्या जाळ्यात अडकतो. अमेरिकन नाटककार-संगीतकार पॉल जोव्हानी यांनी लोकगीतांच्या वळणाची गाणी रचली, ‘कॉर्न रिग्ज’ या गाण्यासाठी स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचे शब्द घेतले आणि तरुण वादकांचा मॅग्नेट नावाचा वाद्यमेळ खास या चित्रपटासाठी उभा केला. रेकॉर्ड मात्र निघाली नाही. चित्रपटाला कात्री लागली, तो फारसा चालला नाही, आणि पुढच्या काळात हळूहळू त्याचे भक्त तयार झाले.

१९९८ मध्ये लंडनच्या ट्रंक रेकॉर्ड्सने हे संगीत प्रथमच काढले, ते म्युझिक अँड इफेक्ट्स टेपवरून. ध्वनी मोनो, आणि गाण्यांच्या अंगाखांद्यावर चित्रपटातले आवाज चिकटलेले. २००२ मध्ये सिल्व्हा स्क्रीन कंपनीची आवृत्ती आली. चित्रपटाच्या संगीतात सहभागी असलेले गॅरी कार्पेंटर यांच्या साहाय्याने तिच्यात स्टिरिओ टेप वापरल्या गेल्या. तंत्राच्या कसोटीवर दुसरी आवृत्ती निर्विवाद सरस : तारा वेगळ्या ऐकू येतात, गळे समोर येतात. तरीही १९९८ ची प्रत जपून ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना जुन्या गोष्टींचे वेड म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. या गाण्यांतली भीती सुरात थोडी आणि जागेत जास्त आहे. गावात कोणीतरी गाते आहे आणि आपण परके आहोत, ही जाणीव त्या आवाजांमुळे टिकते. धुऊन काढलेल्या टेपवर तीच गाणी सुंदर लोकगीते होतात. दोन्ही प्रती घरी असाव्यात, एवढेच म्हणता येते.

‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) मध्ये वाद टेपचा नसून चित्रपटाच्या आवृत्तीचा आहे. इटलीसाठी अर्जेंतोंनी ‘झोंबी’ नावाने स्वतंत्र संकलन केले आणि त्यात गॉब्लिनचे संगीत भरभरून वापरले. जॉर्ज रोमेरो यांच्या अमेरिकन आवृत्तीत मात्र गॉब्लिनबरोबर डी वोल्फ कंपनीच्या तयार संगीतसाठ्यातले तुकडे आहेत. मॉलमध्ये वाजणारी उडती धून गॉब्लिनच्या एलपीवर का नाही, हा नवख्याचा हमखास प्रश्न. ते तुकडे ट्रंक रेकॉर्ड्सनेच २००४ मध्ये वेगळे काढले.

काही रेकॉर्ड परत येतच नाहीत. ‘द शायनिंग’ची १९८० ची एलपी हक्कांच्या गुंत्यामुळे लवकर बंद झाली आणि तशीच्या तशी पुन्हा निघाली नाही. तिच्यावर सिंथेसायझरवर काम करणाऱ्या वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांच्या कामाशेजारी लिगेती, बार्टोक यांच्यासारख्या आधुनिक पाश्चात्त्य संगीतकारांच्या रचना होत्या आणि प्रत्येकाची परवानगी वेगळी. कार्लोस यांनी आपल्या वाट्याचे संगीत, न वापरलेल्या भागांसह, २००५ मध्ये दोन सीडींवर दिले. ‘सायको’ची (१९६०) गोष्ट वेगळी. चित्रपटासोबत एलपी आली नाही. बर्नार्ड हरमन यांनी १९७५ मध्ये नॅशनल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून ते नव्याने वाजवून घेतले, आणि लय चित्रपटापेक्षा संथ ठेवली. रचनाकार स्वतः काठी घेऊन उभा असताना चुकीचे कोणाला म्हणावे?

नवी लाट

२०१० नंतर एलपीची मागणी पुन्हा वाढली आणि केवळ या कामासाठी छोट्या कंपन्या निघाल्या. लंडनच्या डेथ वॉल्ट्झने २०१२ मध्ये इटालियन संगीतकार फाबिओ फ्रित्सी यांच्या भयपट-संगीतापासून सुरुवात केली. न्यू ऑर्लिन्सच्या वॅक्सवर्कने २०१३ मध्ये ‘री-अ‍ॅनिमेटर’ काढली आणि पुढे क्रिस्तोफ कोमेदा यांचे ‘रोजमेरीज बेबी’चे संगीतही. नव्याने रंगवून घेतलेली मुखपृष्ठे, रक्ताचे शिंतोडे उडाल्यासारखी रंगीत तबकडी, मर्यादित प्रती ही त्यांची ओळख. मर्यादित प्रतींमुळे विकत घेऊन दुसऱ्याच दिवशी चढ्या भावाने विकणारेही आले. पण टेप हुडकून काढण्याचे श्रमही याच कंपन्यांनी घेतले, हे मान्य करायला हवे. जुन्या टेपचा चिकटवणारा थर ओल धरून मऊ पडतो आणि ती यंत्रावर सरकेनाशी होते. मग तिला साधारण ५० अंश सेल्सियसच्या मंद उष्णतेत काही तास भाजावे लागते, त्यानंतर थोड्या काळासाठी ती वाजते, आणि तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची असते. अशा रेकॉर्डच्या मागे कोणती टेप, ती कुठे होती, कोणी वाजवली हे छापलेले असावे. ते नसेल तर रंगीत तबकडी कितीही देखणी असो, ग्राहकाला निम्मी माहिती विकली गेली आहे.

भारतीय संदर्भ

हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डवर परंपरेने गाणी असत. पार्श्वसंगीत क्वचितच. ‘शोले’सारख्या चित्रपटाच्या संवादांची एलपी खपली, पण रामसे बंधूंच्या भयपटांतले दारांच्या करकरीवर चढणारे पार्श्वसंगीत चित्रपटाच्या ध्वनिपट्टीतच राहिले. ब्रिटनच्या फाइंडर्स कीपर्स कंपनीने २०११ मध्ये ‘बॉलिवुड ब्लडबाथ’ हे संकलन काढले तेव्हा भारतीय भयपटांचे संगीत पाश्चात्त्य संग्राहकांपर्यंत पोहोचले.

मराठी घरांत याच्याशी सर्वांत जवळचे नाते आहे ते ‘महल’चे (१९४९, दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश). ‘आयेगा आनेवाला’च्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचे, ‘कामिनी’ हे नाव छापले होते. रेडिओवर गाणे लागले, श्रोत्यांनी खऱ्या गायिकेचे नाव विचारले, आणि मग लता मंगेशकर हे नाव पुढे आले. नंतरच्या सर्व आवृत्त्यांवर ते आहे, त्यामुळे ‘कामिनी’ची तबकडी ज्याच्याकडे आहे तो तिला जिवापाड जपतो. सुरुवातीच्या ओळींसाठी आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता, म्हणून आपण खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आलो, असे लताबाईंनी सांगितले आहे. तबकडीची खरखर काढायची म्हणून यंत्राने सगळे सारखे घासले, की या पहिल्या ओळींचा हलका आवाज आधी जातो. जुन्या रेकॉर्डवर सुईच्या आवाजाआडून ती पावले टाकत येताना ऐकू येते.