मोटारगाडीचे विद्युत रूपांतर, घरगुती

वापरलेल्या मोटारगाडीतील पेट्रोल किंवा डिझेल इंजिन उतरवून त्या जागी विद्युत मोटर, बॅटरी व कंट्रोलर (मोटरला जाणारा प्रवाह नियंत्रित करणारे उपकरण) बसवण्याची क्रिया. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात कमी खर्चात असे रूपांतर करू पाहणाऱ्याने आखणी कशी करावी, याचा प्रस्तुत नोंदीत मुख्यतः विचार केला आहे.

विजेवर चालणाऱ्या पहिल्या वाहनाचा मान कोणाला द्यावा, याबद्दल मतभेद आहेत. हंगेरीतील आन्योश येडलिक यांची छोटी प्रतिकृती (सु. १८२८), स्कॉटलंडमधील रॉबर्ट अँडरसन यांची गाडी (१८३२ ते १८३९ च्या दरम्यान), अमेरिकेतील टॉमस डेव्हनपोर्ट आणि नेदरलँड्समधील सिब्रांडुस स्ट्रॅटिंग यांच्या प्रतिकृती (दोन्ही सु. १८३५) असे दाखले दिले जातात. अँडरसन यांचे नाव सर्वाधिक वेळा येत असले, तरी त्यांच्या गाडीला समकालीन लेखी आधार फारसा नाही. सालाचा सैलपणाही तेच सुचवतो. शिवाय पुन्हा चार्ज करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. त्याआधीच्या गाड्या घटातील जस्त संपले की थांबत. हे पाहता ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर चालवलेल्या तीनचाकीपासून सुरुवात धरणे अधिक युक्त दिसते. तिचा सांगाडा इंग्लंडात बनलेल्या पायडलच्या तीनचाकीचा होता. त्रूव्हे यांनी त्याला सीमेन्स धर्तीची सुधारलेली मोटर जोडली. म्हणजे भरवशाची नोंद असलेले हे आरंभीचे विद्युत वाहन मुळात एक रूपांतरच होते, आणि या विषयाला गॅरेजमधला अलीकडचा छंद समजणे बरोबर नाही. पुढे १९५९ मध्ये अमेरिकेत रेनॉ डोफिनच्या सांगाड्यावर हेनी किलोवॉट निघाली. हौशी रूपांतरकारांना बळ मिळाले ते १९७३ च्या तेलसंकटानंतर.

आखणीत पहिला प्रश्न मोटरचा नसून रोजच्या अंतराचा असतो, कारण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा. मारुती ८०० सारखी सुमारे ६५० किलोची गाडी किलोमीटरला साधारण ०.११ युनिट वीज घेते असे धरता येते. लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या बॅटरीतील एका सेलचा दर्शनी दाब ३.२ व्होल्ट, असे २४ सेल ओळीने जोडले की ७६.८ व्होल्ट होतात. १०० अँपिअर-तासांचे सेल घेतल्यास ७.७ युनिट साठतात. त्यांतील ८० टक्केच वापरावेत, म्हणजे सुमारे ५५ किमी. खानापूरहून बेळगावला जाऊन येण्याचे अंतर जवळपास तेवढेच असल्याने हा संच काठावर उतरतो. १५० अँपिअर-तासांच्या सेलांनी पल्ला ८० किमीच्या पुढे जातो. पावसातील वायपर-दिवे आणि बॅटरीची दरवर्षी होणारी झीज यांना त्यात जागा राहते. निपाणीच्या माणसाने मात्र बेळगावात दिवसा चार्जिंगची सोय असल्याखेरीज या संचाचा विचार करू नये.

चढणीचा हिशेब वेगळा करावा लागतो. गोव्याकडून चोर्ला घाट चढताना गाडी सुमारे ७०० मीटर उंची गाठते. माणसांसह ९०० किलो वजन तेवढे वर नेण्यास १.७ युनिट लागतात; मोटर-कंट्रोलरमधील नासाडी धरली की २ युनिटांहून अधिक. आठ टक्के चढावर ताशी ३० किमी राखायचे, तर चाकांशी जवळपास ७ किलोवॉट हवेत, म्हणजे बॅटरीतून ११० अँपिअरच्या आसपास प्रवाह सलग वाहतो. म्हणून मोटरची निवड जाहिरातीतील कमाल शक्ती पाहून न करता सलग पेलणाऱ्या शक्तीवरून करावी. घरातील इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या स्वस्त वाटतात, पण एवढा प्रवाह ओढल्यास त्या नोंदलेल्या क्षमतेपेक्षा फार कमी देतात. सहा बॅटऱ्यांचेच वजन तीनशे किलोच्या घरात जाते.

गाडी निवडताना इंजिनाची अवस्था गौण असते. इंजिन निकामी झालेली गाडी उलट स्वस्त मिळते. पत्रा मात्र बारकाईने पाहावा. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातील पावसात वावरलेल्या गाडीचे फ्लोअर आणि सस्पेन्शनचे जोड सडलेले असू शकतात, आणि बॅटरीचा भार नेमका तिथेच येतो.

मूळ गिअरबॉक्स ठेवल्यास लहान मोटर पुरते. मोटर व गिअरबॉक्स जोडणारी अ‍ॅडाप्टर प्लेट आणि कपलिंग हे सर्वांत नाजूक काम. दोन शाफ्ट एका रेषेत नसतील तर बेअरिंग व ऑइल सील लवकर जातात. त्यासाठी डायल गेज (बारीक फरक मोजणारे काट्याचे मापक) लावूनच बसवणी तपासावी. याबाबत सीमाभाग भाग्यवान आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री व मशीन शॉप यांची दाट वस्ती असून एकच नग करून देणारा कारागीर तिथे सापडू शकतो. इंजिन गेल्यावर त्यातून मिळणारा व्हॅक्यूमही जातो, म्हणून ज्या गाडीला त्या व्हॅक्यूमवर चालणारा, ब्रेक हलका करणारा बूस्टर आहे तिला विजेवरचा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. यात काटकसर नको. तसेच मुख्य फ्यूज, काँटॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युत स्विच), बीएमएस (बॅटरीच्या सेलांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा) आणि चालकाच्या हाताशी असलेला तोडस्विच हे सर्व डीसीसाठीच बनवलेले असावेत. घरातील एसी प्रवाहासाठीचा एमसीबी (आपोआप तुटणारा स्विच) डीसी प्रवाह तोडताना आतली ठिणगी विझवू शकेलच असे नाही, आणि आगीची सुरुवात तिथून होऊ शकते.

घरच्या १५ अँपिअर सॉकेटवर रात्रभरात चार्जिंग होते. रोज ४० किमी धावणारी गाडी महिन्याला सव्वाशे युनिटांच्या आसपास भर घालते. कर्नाटकातील घरगुती मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांची मर्यादा ओलांडली की संपूर्ण बिल भरावे लागत असल्याने हा खर्च बजेटमध्ये आधीच धरावा.

कायद्याची बाजू घरगुती प्रयोगाला सर्वांत अडचणीची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आर.सी.तील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मंजुरीविना करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तरतुदींनुसार रूपांतराचा संच पुण्यातील एआरएआय (वाहन चाचणी संस्था) किंवा तत्सम संस्थेने एआयएस-१२३ या वाहन मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे मान्य केलेला आणि अधिकृत जोडणाऱ्याने बसवलेला असावा लागतो. सुटे भाग जमवून घरी केलेली गाडी त्यामुळे शेतात किंवा खाजगी आवारातच चालवता येते. ज्याला रस्त्यावर यायचे आहे त्याने आपल्या मॉडेलसाठी मान्य संच आहे का, हे गाडी विकत घेण्यापूर्वीच पाहावे. कोल्हापूरकडची एमएच-०९ पासिंगची गाडी घेतल्यास तिथल्या आरटीओची एनओसी आणून ती आधी केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) वर नोंदवून घेणे सोयीचे; दुरुस्त आर.सी., विम्यातील बदल आणि विद्युत वाहनाची हिरवी नंबरप्लेट ही कामे मग एकाच कार्यालयाच्या कक्षेत येतात.