‘ब्रायन मनी’मागचा चांदीचा वाद

अमेरिकी राजकारणात टोकनांवरून (नाण्यासारख्या खासगी चकत्यांवरून) टोमणे मारण्याची चाल १८३०च्या दशकातली. राष्ट्रीय बँकेच्या वादावर तेव्हा गाढव, कासव आणि डुक्कर कोरलेली, सेंटएवढी, बहुतेक तांब्याची टोकने निघाली. संग्राहक ज्या जाड चांदीच्या चकत्या शोधतात, त्या मात्र १८९६ आणि १९००च्या अध्यक्षीय निवडणुकांतल्या ‘ब्रायन मनी’, म्हणजे डेमोक्रॅटिक उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन याच्या चांदीच्या धोरणावर टीका करणाऱ्या.

त्यांचे मूळ फेब्रुवारी १८७३च्या नाणेकायद्यात आहे. तोवर कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन डॉलर पाडून घेऊ शकत असे. नव्या कायद्यातल्या नाण्यांच्या यादीतून हा चांदीचा डॉलरच गळला. तेव्हा डॉलरमधली चांदी डॉलरपेक्षा किंचित महाग होती, ती टांकसाळीत कोण नेणार? म्हणून बदल फारसा कोणाला जाणवला नाही. पुढे चांदी उतरली आणि ‘७३चा गुन्हा’ हा शब्द रूढ झाला. परकीय सावकारांनी कट केला, हा आरोप टिकत नाही. पण नेव्हाडाच्या खाणी आणि जर्मनीचा सोन्याकडचा कल पाहता चांदी घसरणार, हे मसुद्याशी संबंधित अधिकाऱ्यांना कळत होते. म्हणून याला निव्वळ नजरचूक म्हणणेही चूक आहे. शेतमालाचे भाव पडत असताना जुन्या कर्जाचा बोजा मात्र वाढत गेला, आणि त्याची झळ गहू-कापूस पिकवणाऱ्यांना बसली.

जून १८९३मध्ये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या, भाव आणखी कोसळला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनेही चांदीची खरेदी थांबवली.

१८९६चा ३६ वर्षांचा डेमोक्रॅटिक उमेदवार ब्रायन १६ः१ या प्रमाणात (सोळा भार चांदी म्हणजे एक भार सोने) चांदीला पुन्हा टांकसाळ खुली करा म्हणत होता. विरोधकांचे उत्तर चांदीकाम करणाऱ्या नामांकित पेढ्यांनी घडवले: सरकारी डॉलर ४१२½ ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचे छोटे माप), पण सोन्याच्या एका डॉलरची बरोबरी करायला त्याच कसाची ८२३ ग्रेन चांदी लागते, असे कोरलेली भलीमोठी चकती. हलक्या धातूंच्या टोकनांवर थेट खिल्ली होती, डॉलरातली चांदी जेमतेम निम्म्या किमतीची म्हणून: ‘उरलेल्या ४७ सेंटसाठी देवावर आमचा विश्वास’.

१९२६च्या एका लेखापासून संग्राहक पहिल्यांना ‘तुलनात्मक’ आणि दुसऱ्यांना ‘उपहासात्मक’ म्हणतात. ही विभागणी मला अपुरी वाटते. चांदीच्या चकतीवरचे गणित बरोबर आहे, पण टांकसाळी बंद झाल्यानेही भाव पडला हे ती सांगत नाही, आणि तिचा खरा वार त्या मौनातच आहे; म्हणजे तीही निव्वळ तुलना नाही.

मार्च १९००मध्ये सुवर्णमानाचा, म्हणजे डॉलरचे मोल फक्त सोन्यात ठरवणारा, कायदा झाला. त्याच वर्षी तोच उमेदवार पुन्हा उभा राहिला, तेव्हाही अशी टोकने निघाली.